झेवियर म्हणजे नवे घर

आपल्या धर्मग्रामांतील बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या चाळल्या तर काही नावे पुन:पुन्हा भेटतात. ‘झेवियर’ हे त्यांपैकीच एक. आजोबांचे नाव नातवाला द्यावे आणि ३ डिसेंबरला त्याचा सण साजरा करावा, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. परंतु हे नाव मुळात व्यक्तीचे नाही. ते एका घराचे नाव आहे, आणि त्या घराची कहाणी ध्यानात घेतल्यावाचून संत फ्रान्सिस झेवियर यांचे जीवन पुरते उमगत नाही.

आजच्या स्पेनच्या उत्तरेस नावारा नावाचे एक छोटे स्वतंत्र राज्य होते. तेथील बास्क भाषेत ‘एचे’ म्हणजे घर आणि ‘बेरी’ म्हणजे नवे. ‘एचेबेरी’ या शब्दाची झीज होत एका गढीचे नाव ‘शाविएर’ झाले. स्पॅनिश लोक आज त्याचा उच्चार ‘हाविएर’ असा करतात, पोर्तुगीजांनी ‘शाविएर’ टिकवले, तर इंग्रजीच्या वळणाने आपल्याकडे ‘झेवियर’ रूढ झाले.

या गढीत ७ एप्रिल १५०६ रोजी फ्रान्सिस यांचा जन्म झाला. वडील हुआन दे हास्सो हे कायद्याचे पंडित व नावाराच्या राजपरिषदेचे अध्यक्ष होते, तर गढी आई मारिया दे आस्पिलकुएता यांच्या माहेरची होती. एकाच कुटुंबातील भावंडांनी वेगवेगळी आडनावे लावण्याची तेथे प्रथा होती. थोरले बंधू हुआन यांनी आईचे आडनाव लावले. धाकट्या फ्रान्सिस यांच्या वाट्याला गढीचे नाव आले.

नाव राहिले, घर मात्र ढासळले. १५१२ साली स्पेनने नावारा जिंकले. १५१५ साली वडील निवर्तले. राज्य परत मिळवण्याचा प्रयत्न फसल्यावर १५१६ साली गढीचे बुरूज व तटबंदी पाडण्यात आली. फ्रान्सिस तेव्हा जेमतेम दहा वर्षांचे होते. पुढे त्यांचे दोघे भाऊ नावाराच्या बाजूने लढले. त्याच संघर्षात १५२१ साली पाम्पलोना येथे स्पेनच्या बाजूचा एक सरदार तोफगोळ्याने जायबंदी झाला. त्याचे नाव इग्नेशियस लोयोला.

१५२५ साली फ्रान्सिस शिक्षणासाठी पॅरिसला गेले. घराण्याची गेलेली प्रतिष्ठा परत मिळवावी, चर्चमध्ये मानाचे पद भूषवावे, अशी त्यांची आकांक्षा होती. त्यासाठी १५३१ साली त्यांनी आपल्या कुलीनतेचा अधिकृत दाखला मिळवण्याची खटपट सुरू केली. परंतु त्याआधीच इग्नेशियस त्यांच्या खोलीत राहावयास आले होते. भावांच्या शत्रुपक्षातील हा लंगडा सोबती फ्रान्सिस यांना आरंभी रुचला नाही. मात्र हळूहळू त्यांचे अंत:करण पालटले. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्र येथे सात मित्रांनी दारिद्र्याचे व ब्रह्मचर्याचे व्रत घेतले. कुलीनतेचा दाखला १५३६ साली मंजूर झाला, तेव्हा फ्रान्सिस यांना त्याची गरज उरली नव्हती.

७ एप्रिल १५४१ रोजी, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, त्यांनी लिस्बन सोडले. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यास पोहोचले. आपल्या वसईच्या भूमीलाही त्यांचे पाय लागले. गढीकडे ते पुन्हा कधी परतले नाहीत. मात्र मित्रांच्या पत्रांतील सह्या कापून त्या ते स्वत:जवळ बाळगीत. वाडवडिलांच्या नावाचा अभिमान बाळगणाऱ्या या तरुणाला अखेरीस आधार वाटला तो आपल्या बंधूंच्या नावांचा. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियान बेटावर, एका साध्या झोपडीत, त्यांनी देह ठेवला. ज्यांच्या नावातच नवे घर होते, त्यांच्या डोक्यावर शेवटी स्वत:चे छप्परही नव्हते. १२ मार्च १६२२ रोजी इग्नेशियस व फ्रान्सिस हे दोघे एकाच दिवशी संतपदाला पोहोचले.

वाडवडिलांची घरे, जमिनी व नावे यांवरून आपल्या कुटुंबांतही भाऊ भावापासून दुरावतात. अशा वेळी घरातल्या झेवियरला हाक मारताना त्या नावाचा अर्थ आठवावा. पडलेल्या तटबंदीचे दु:ख उरात न जपता, एके काळी शत्रू असलेल्यालाही सामावून घेईल असे घर उभारण्याची कृपा संत फ्रान्सिस झेवियर यांच्या मध्यस्थीने आपणा सर्वांस लाभो.