डोळ्याच्या उड्या मोजायला लावणारे एमिल झावाल

ही ओळ वाचताना तुमचे डोळे सरळ सरकत नाहीयेत. ते एका शब्दावर थांबतात, पुढे उडी मारतात, परत थांबतात. या उडीला सॅकेड म्हणतात. मूळ फ्रेंच शब्द, अर्थ झटका. डोळ्यांच्या बाबतीत तो रुळला लुई एमिल झावाल यांच्यामुळे. आय ट्रॅकिंग म्हटलं की सगळे थेट हेडसेट आणि एआयकडे वळतात. मला आधी या माणसाबद्दल सांगायचंय.

झावाल 1839 साली पॅरिसमध्ये जन्मले. शिकले खाणकाम इंजिनिअरिंग. पण बहिणीचा डोळा तिरळा होता आणि तेव्हाच्या ऑपरेशनचा भरवसा नव्हता. म्हणून त्यांनी स्टिरिओस्कोप वापरून डोळ्यांचे व्यायाम बसवले. स्टिरिओस्कोप म्हणजे आजच्या व्हीआर हेडसेटचा पणजोबाच समजा! या नादात ते इतके गुंतले की पुढे डॉक्टरच झाले. 1878 पासून सॉर्बोनमध्ये डोळ्यांची प्रयोगशाळा सांभाळली, 1881 मध्ये श्यॉट्झ यांच्याबरोबर बुबुळाची गोलाई मोजणारं यंत्र काढलं.

छापील मजकुराने डोळे का थकतात, हा त्यांचा आवडता प्रश्न. त्यातूनच 1879 च्या सुमाराला वाचनातल्या उड्या लक्षात आल्या. कॅमेरा वगैरे काही नाही. त्यांचे सहकारी लामार यांनी पापणीला नळी लावून डोळा हलल्याचा आवाज कानाने मोजला. मला हा जुगाड भारी वाटतो.

आणि याच माणसाला काचबिंदू झाला. 1900 मध्ये दृष्टी पूर्ण गेली. तरी 1903 मध्ये त्यांनी नव्याने अंध झालेल्यांसाठी पुस्तक लिहिलं. वाचन आणि लेखनावरचा त्यांचा मोठा ग्रंथ आला 1905 मध्ये, म्हणजे स्वतःला एक अक्षरही दिसत नसताना. 1907 मध्ये ते गेले.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत डीफेनडॉर्फ आणि डॉज यांनी मनोरुग्णांच्या डोळ्यांच्या हालचाली फोटोवर टिपल्या. काही रुग्णांचे डोळे हलत्या वस्तूमागे सलग जात नव्हते, अडखळत होते. डोळ्यांवरून मेंदूची तब्येत बघायची वाट इथून पुढे रुंद होत गेली.

कारण उडीचा हुकूम मेंदू देतो. पार्किन्सनमध्ये उडी बऱ्याचदा तोकडी पडते, मग डोळा दोन-तीन छोट्या उड्यांत तिथे पोचतो. हंटिंग्टनमध्ये उडी सुरू करणंच जड जातं. पीएसपी नावाच्या आजारात वर-खाली जाणाऱ्या उड्या मंदावतात. हा आजार सुरुवातीला पार्किन्सनसारखाच दिसतो, त्यामुळे चुकीचं निदान होऊ शकतं. घरातलं मोठं माणूस सारखं तोल जाऊन पडत असेल, जिना उतरताना खाली बघणं जमत नसेल, तर हा फरक फार मोठा असतो. मात्र नुसत्या उडीवरून निदान होत नाही. लक्षणं, तपासणी, एमआरआय हे सगळं सोबत बघावं लागतं.

मग हे फोनवर का नाही? हिशोब करा. साधा फ्रंट कॅमेरा सेकंदाला 30 फ्रेम घेतो, म्हणजे दोन फ्रेममध्ये 33 मिलिसेकंद. वाचतानाची एक उडी संपते साधारण 30 मिलिसेकंदांत. म्हणजे अख्खी उडी दोन फ्रेमच्या मधल्या फटीत गायब होऊ शकते. त्यामुळे उडीचा वेग नीट मोजायला प्रयोगशाळेत सेकंदाला 500 ते 1000 फ्रेमचे कॅमेरे लागतात.