चढ आला की बँकर लागतो

भिसेगावात राहत असाल, तर हे दृश्य तुम्हाला नवं नाही. मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबते, मागे बँकर इंजिनं लागतात आणि एक हलकासा धक्का देऊन गाडी बोरघाटाकडे निघते. पुढचं इंजिन बिघडलेलं नसतं. फक्त चढ आलेला असतो.

श्रद्धेचंही असंच होतं बघा. शिबिरात, वारीत किंवा नाताळच्या आदल्या रात्री मन भरून येतं. वाटतं, आता हे आयुष्यभर टिकणार. मग परीक्षा येते, नोकरी लागते, प्रार्थना पाठ होते आणि आतली आच कधी विझली ते कळतही नाही. आजची गोष्ट आहे ती विझू न देणाऱ्या एका माणसाची. नारायण वामन टिळक त्यांचं नाव. लोकमान्य नव्हेत, हे कवी टिळक! शाळेत बालभारतीच्या पुस्तकात कधीतरी त्यांची कविता तुम्हाला भेटलीही असेल.

जन्म ६ डिसेंबर १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. आई जानकीबाई भक्तीत आणि गाण्यात रमणारी. ती लवकर गेली. लहान वयातच नारायणने घर सोडलं, नाशिक गाठलं आणि तिथे संस्कृत शिकला. पुढे शिक्षकी, कीर्तन, पुराण, कविता असं बरंच काही केलं. पण एका गावात, एका नोकरीत पाय ठरेना. डोक्यात देशाचा आणि धर्माचा विचार सतत चालू. हिंदुस्थानला नवं बळ देईल असा धर्म कुठला, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता.

उत्तराची सुरुवात झाली रेल्वेच्या डब्यात. नागपूरहून राजनांदगावला जाताना एक युरोपियन प्रवासी भेटला. गप्पा रंगल्या. उतरण्याआधी त्याने टिळकांच्या हातात नवा करार ठेवला. टिळकांनी तो वाचायला घेतला आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी थांबले. पुढे खूप वाचन, खूप घालमेल झाली. शेवटी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथे जरा थांबा. उत्साहाच्या गोष्टी सांगताना आपण त्याची किंमत सांगायला विसरतो. १८९५ सालच्या चित्पावन घरात हे पाऊल म्हणजे नातीगोती तुटणं. आणि ही किंमत एकट्या टिळकांनी भरली नाही. पत्नी लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन चार-साडेचार वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. नवऱ्याच्या ध्यासाची झळ त्यांना बसली. नंतर त्या परत आल्या, स्वतः विचार करून १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळक तापट होते, हातात पैसा ठरत नसे, घरातली वस्तू कुणाला देऊन टाकतील याचा नेम नसे. हे सगळं लक्ष्मीबाईंनीच ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिहून ठेवलंय, तेही हसतहसत. अजून वाचलं नसेल तर कॉलेजच्या लायब्ररीत नक्की शोधा.

आता मुद्द्याचं. बाप्तिस्म्यानंतर टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागले. १९०४ साली पाळक झाले, १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक झाले. म्हणजे सेटल झाले. बहुतेकांची आच विझते ती नेमकी इथे. टिळकांची का विझली नाही?

एक कारण भाषा. तेव्हा चर्चमध्ये इंग्रजी चालीवरची भाषांतरित गाणी बरीच चालत. ती तोंडपाठ होत, पण काळजापर्यंत पोहोचत नसत. टिळकांनी थेट अभंगाची, भजनाची वाट धरली. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते मानत. धर्म बदलला म्हणून त्यांनी आईची ओवी टाकली नाही, उलट तिच्यातच नवी प्रार्थना ओतली. त्यांची शंभराहून जास्त भक्तिगीतं मराठी चर्चमध्ये आली आणि आजही गायली जातात.

दुसरं कारण माणसं. टिळकांचं घर म्हणजे उघडा दरवाजा. तरुण बालकवी ठोंबरे त्यांच्याकडे घरच्या मुलासारखे राहिले. ज्याच्या दाराशी रोज कुणीतरी भुकेलं, दुखावलेलं किंवा कवितेने पेटलेलं येतं, त्याचा देव फक्त रविवारपुरता कसा उरेल?

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. १९१७ साली, पंचावन्न ओलांडल्यावर, टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. पगार, घर, मान सगळं होतं. पण आपला ख्रिस्त परदेशी संस्थेच्या पगारावर चालणारा वाटू नये, ही टोचणी मोठी होती. ते साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्तावर प्रेम करणारे सगळे इथे भाऊ-बहीण म्हणून एकत्र यावेत, ही कल्पना. आपली माणसं निवृत्तीचा हिशेब मांडतात त्या वयात हा माणूस पुन्हा शून्यावर आला.

दरबार फुलायला वेळच मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक गेले. त्यांच्याच इच्छेनुसार त्यांचं दहन झालं. ख्रिस्ताचं चरित्र सांगणारं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवर थांबलं होतं. ते पुढे कुणी नेलं? ज्यांना टिळकांनीच अक्षरओळख करून दिली होती, त्या लक्ष्मीबाईंनी. त्यांनी आणखी चौसष्ट अध्याय लिहिले.

टिळक नगरला असताना मुंबईची गाडी दौंड-पुण्यावरून याच घाटाने उतरायची आणि परतताना कर्जतहूनच चढायची. तेव्हा तुमचा देव, तुमचा ध्यास कुठलाही असो, मन थंड पडलं म्हणून इंजिन बिघडलं असं लगेच ठरवू नका. कदाचित फक्त चढ आला असेल. मागून जोर लावणारं काय आहे, ते शोधा: आपल्या बोलीतली प्रार्थना, दारातली माणसं, किंवा फार घट्ट धरून ठेवलेली एखादी सोय, जी सोडायची वेळ आलीय.