आवाजाच्या पेटीचा कारागीर : गिल्बर्ट ब्रिग्ज

स्पीकर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? काळा कागदी कोन, मागे जाडजूड मॅग्नेट, आणि लगेच पुढचा प्रश्न, किती वॉटचा? ज्या लाकडी खोक्यात तो बसवलेला असतो त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. खोका म्हणजे सुताराचं काम, त्यात कसलं आलंय इंजिनिअरिंग, असं ठासून सांगणारे आपल्या कॅम्पसवरही पुष्कळ आहेत. मित्रमैत्रिणींनो, अशा सगळ्यांना मला एका माणसाची ओळख करून द्यायची आहे. त्याचं नाव गिल्बर्ट ब्रिग्ज. तो सुतार नव्हता आणि गंमत म्हणजे इंजिनिअरही नव्हता. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या!)

ब्रिग्जचा जन्म 1890 सालचा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यात, ब्रॅडफर्ड शहराजवळ. वडील लहानपणीच गेले आणि त्याचं शिक्षण हॅलिफॅक्सच्या अनाथ मुलांच्या शाळेत झालं. ब्रॅडफर्ड म्हणजे त्या काळी लोकरीच्या धंद्याची राजधानी. आपल्याकडे इचलकरंजीच्या मुलाने सूत-कापडाच्या धंद्यात जावं इतक्या सहजपणे तोही त्या धंद्यात शिरला आणि वीसेक वर्षं तिथेच राहिला. कॉलेज नाही, डिग्री नाही. वेड मात्र एक होतं, पियानोचं. एखादा पियानो चांगला का वाजतो आणि दुसरा का नाही, याचा त्याला चाळाच लागला होता.

मग 1930 च्या आसपास जगभर मंदी आली. कापडाचा धंदा बसला. ब्रिग्जने चाळिशी ओलांडली होती, घरात बायको, मुली. आपल्याला प्लेसमेंटच्या सीझनमध्ये दोन कंपन्या आल्या नाहीत तरी घाम फुटतो, इथे अख्खी इंडस्ट्रीच बुडत होती. अशा वेळी या गृहस्थाने काय करावं? इल्कली गावातल्या आपल्या घराच्या तळघरात बसून त्याने 1932 मध्ये एक लाउडस्पीकर तयार केला. रेडिओ तेव्हा घरोघरी येत होते, पण त्यांतून येणारा पियानो त्याच्या कानाला पियानो वाटत नव्हता, ही त्याची खरी तक्रार होती.

इल्कली ज्या नदीच्या खोऱ्यात आहे ती नदी म्हणजे व्हार्फ, आणि खोरं व्हार्फडेल. तेच नाव त्याने धंद्याला दिलं, व्हार्फडेल वायरलेस वर्क्स. ब्रॅडफर्डच्या रेडिओ सोसायटीच्या स्पर्धेत त्याने आपले स्पीकर पाठवले आणि पहिला व दुसरा असे दोन्ही नंबर पटकावले! ऑर्डर्स यायला लागल्या तशी 1933 मध्ये त्याने कापडाचा धंदा सोडला. सुरुवातीला बायकोही कामाला हाताशी असे. कापडवाल्याचा हात पुढे स्पीकरमध्येही दिसला. कोनाच्या कडेला, जिथे तो फ्रेमला जोडला जातो, तिथे कागदाच्या वळ्यांऐवजी कापडाची कड लावलेले व्हार्फडेलचे स्पीकर नावाजले गेले. कापड लवचीक, त्यामुळे कोन मोकळेपणाने पुढे-मागे होतो आणि खालचे स्वर नीट येतात.

महायुद्धाच्या काळात कारखान्यात ट्रान्सफॉर्मर बनत होते. तो भाग मी भराभर ओलांडते, कारण ब्रिग्जची खरी गोष्ट त्यानंतरची आहे.

आता जरा खोक्याकडे वळू. स्पीकरचा कोन पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे पुढची लाट आणि मागची लाट एकमेकींच्या बरोबर उलट. स्पीकर नुसताच टेबलावर ठेवून वाजवा, खालचे स्वर गायब! मागची लाट वळसा घालून पुढे येते आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून मागची लाट अडवायला खोका हवा. पण खोका आला की दुसरं दुखणं सुरू होतं. आत कोंडलेला आवाज खोक्याच्या भिंतींना हलवतो, प्रत्येक फळीचा स्वतःचा एक स्वर असतो आणि ती तो मध्येच गाऊ लागते. तबला वाजत असेल तेव्हा तबल्याच्या जोडीला प्लायवूडही वाजतं.

पियानोवेड्या ब्रिग्जला हे ऐकू येणं साहजिकच होतं. पियानोत तारांखालची लाकडी फळी गायलाच हवी, नाहीतर तारेचा आवाज पोचणार नाही. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा घ्या, तो गुंजला नाही तर तंबोरा कसला? स्पीकरच्या खोक्याचा धर्म नेमका उलटा. त्याने गप्प बसायचं. वाद्य बनवणाऱ्याचं सगळं शहाणपण इथे पालथं करून वापरावं लागतं.

ब्रिग्जने यासाठी जे केलं ते मला भारी आवडतं. प्लायवूडच्या दोन फळ्या घ्यायच्या, मध्ये फट ठेवायची आणि त्या फटीत कोरडी वाळू भरायची. बस्स! फळी हलू लागली की वाळूचे कण एकमेकांवर घासतात, कंपनाची ऊर्जा त्या घर्षणात उष्णता होऊन संपते. आपण व्हायब्रेशनच्या पेपरात डॅम्पिंग रेशो काढतो ना, तेच, फक्त वाळूने. फळ्या किती थरथरतात ते तो ऑसिलोस्कोपवर बघत असे आणि त्याचे फोटो पुस्तकात छापत असे. 1950 च्या दशकात त्याने एसएफबी-3 नावाचा स्पीकर बाजारात आणला. त्याला बंद खोका नव्हताच. वाळू भरलेली रुंद फळी, त्यावर समोर तोंड केलेले 12 आणि 10 इंचांचे दोन स्पीकर, आणि वर आकाशाकडे बघणारा छोटा 3 इंची. त्याहून कहर म्हणजे खोलीच्या कोपऱ्यात विटांचं बांधकाम करून त्यात त्याने 15 इंची स्पीकर बसवला. वीट काही प्लायवूडसारखी गात नाही. घर बदललं तर काय करायचं, हा प्रश्न वेगळा!

पण हा शोध लावून तो पेटंटवर बसून राहिला असता तर मी हा लेख लिहिला नसता. 1948 मध्ये त्याने लाउडस्पीकरवर एक छोटं पुस्तक काढलं, स्वतःच्या कंपनीतर्फेच. साध्या भाषेत, कमीत कमी गणितात, अधूनमधून विनोद करत. कारखानदार आपला माल विकायचं सोडून तो घरी कसा करायचा हे लोकांना सांगतोय! मग पुस्तकांची रांगच लागली. 1949 मध्ये ध्वनी-पुनर्निर्मितीवर, 1951 मध्ये आवडत्या पियानोवर, आणि 1962 मध्ये फक्त खोक्यांवर, म्हणजे ‘कॅबिनेट हँडबुक’. लोक घरी प्लाय कापायचे, खोका जोडायचे आणि स्पीकर युनिट मात्र त्याच्याकडून विकत घ्यायचे. यात धंदा नव्हता असं मी म्हणणार नाही. पण ज्याला परवडत नाही त्यालाही चांगला आवाज मिळाला, हेही तितकंच खरं.

इथे तेलाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण खोका करणाऱ्यांची सर्वांत जास्त वादावादी पॉलिशवर होते. आमच्या ग्रुपने सागाच्या विनिअरचा खोका केला तेव्हा टचवूड की जवसाचं तेल यावर दोन दिवस भांडण चाललं होतं. तेल जिंकलं. उकळलेलं जवसाचं तेल थोडं टर्पेंटाइन घालून पातळ करायचं, फडक्याने चोळायचं, पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं सगळं पुसून काढायचं. दुसऱ्या दिवशी बारीक पॉलिश पेपर आणि पुन्हा तेच, असे तीन-चार हात. हे तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन लाकडाच्या रेषांमध्ये घट्ट होतं. त्या क्रियेत उष्णता निघते, म्हणून तेलाची फडकी बोळा करून कधीच टाकू नका, आपोआप पेट घेतात. मोकळी पसरून वाळवा. आणि आवाजात फरक? काही नाही. तो वजनात, जाडीत आणि आतल्या आधाराच्या पट्ट्यांत असतो. तेलामुळे खोका फक्त घरात ठेवावासा वाटतो. व्हार्फडेलचे खोकेही अक्रोड, ओक, महोगनीच्या विनिअरमध्ये यायचे ते याचसाठी. वाळू आत, देखणं लाकूड बाहेर.

1 नोव्हेंबर 1954 रोजी ब्रिग्जने मोठंच धाडस केलं. लंडनचा रॉयल फेस्टिव्हल हॉल, जवळजवळ तीन हजार खुर्च्या, सगळी तिकिटं संपलेली. स्टेजवर खरे वादक आणि शेजारी त्याचे स्पीकर. आधी हे वाजणार, मग ते, आणि लोकांनी आपल्या कानांनी तुलना करायची! सोबतीला क्वाड कंपनीचा पीटर वॉकर आणि त्याचे अ‍ॅम्प्लिफायर, प्रत्येकी फक्त 15 वॉटचे. आपल्याकडे गणपतीत एका मंडळाच्या भिंतीला किती वॉट लागतात ते आठवा आणि कपाळाला हात लावा. स्पीकर फसला असता तर तीन हजार साक्षीदारांसमोर फसला असता. तो फसला नाही. 1955 मध्ये हाच प्रयोग त्याने अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये नेला. सगळ्यांनाच दोन्ही आवाज सारखे वाटले असं नाही, पण उघड्यावर परीक्षा द्यायची हिंमत किती कंपन्यांत असते?

1958 मध्ये व्हार्फडेल रँक या मोठ्या कंपनीकडे गेली. त्याचा टेक्निकल डायरेक्टर रेमंड कुक याने 1961 मध्ये बाहेर पडून केईएफ कंपनी काढली, ती पुढे जगप्रसिद्ध झाली. ब्रिग्ज 1965 मध्ये निवृत्त झाला, पण लिहायचं थांबला नाही. 1967 मध्ये, पंचाहत्तरी ओलांडल्यावर, त्याने पुस्तक लिहिलं ते ऐकण्यावर, म्हणजे आपल्या कानांवर. आयुष्यभर स्पीकर सुधारल्यावर शेवटी तो ऐकणाऱ्या माणसापाशी पोचला होता. जानेवारी 1978 मध्ये, वयाच्या 87 व्या वर्षी तो गेला. व्हार्फडेलचे लिंटन आणि डेंटन हे जुन्या नावांचे स्पीकर अलीकडे पुन्हा बाजारात आले आहेत, तेही विनिअरच्या लाकडी खोक्यात. दोन्ही नावं त्याच खोऱ्यातली आहेत.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल