शिष्यवृत्तीतून घडलेला संपादक

पत्रकारितेच्या पदवी वर्गात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी बाबासाहेबांच्या स्मृत्यर्थ शिष्यवृत्ती सुरू करावी, असे म्हटले की समाजातूनच प्रश्न येतो. पत्रकारितेला कशाला? आणि द्यायचीच तर पदवीनंतर द्या. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बाबासाहेबांच्या जीवनात आहेत.

१९०७ साली मॅट्रिक होऊन भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात दाखल झाले. इंटरनंतर सुभेदार रामजींना खर्च झेपेना. शिक्षण तिथेच थांबायचे. केळूसकर गुरुजी त्यांना सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. त्या बळावर ते बी.ए. झाले. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठाचा दरवाजा उघडला तो त्यानंतर. पदवीच्या उंबरठ्यावर ते २५ रुपये मिळाले नसते, तर पुढच्या पदव्या कुठून येणार होत्या?

परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्तीही बडोद्याचीच होती. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी, अशी अट होती. १९१७ साली मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. बडोद्यात मोठ्या हुद्द्यावर गेले, तर शिपाई लांबून कागद फेकत आणि राहायला जागा मिळेना. शेवटी बडोदे सोडावे लागले. महाराजांचे उपकार आपण विसरत नाही. पण वकिलाच्या नजरेने पाहिले तर करार विद्यार्थ्याला बांधत होता. त्याला माणूस म्हणून वागवण्यास कचेरीला बांधणारे कलम कुठेच नव्हते.

१९१८ साली ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले. शाहू महाराजांनी २,५०० रुपयांची मदत केली. 'केसरी'ने मात्र पैसे देऊनही त्याची जाहिरात छापली नाही. बाबासाहेब सरकारी नोकरीत असल्याने संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. त्याच वर्षी बाबासाहेब अर्धे राहिलेले शिक्षण पुरे करायला लंडनला गेले आणि १९२३ साली 'मूकनायक' बंद पडले.

महाडच्या चवदार तळ्यानंतर, ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. मदतीला लिहिणारे नव्हते. अंकाचे चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेबांना एकट्याने भरावे लागत. कोर्ट, सत्याग्रह, कायदेमंडळ सांभाळून रात्री जागून ते लिहीत. १९२९ साली तेही पत्र थांबले. १९३० साली 'जनता' आले आणि १९५६ साली त्याचेच 'प्रबुद्ध भारत' झाले.

बंधूंनो, भगिनींनो, पैशाची चणचण होतीच. पण शिकलेल्या, लिहित्या हातांची चणचण त्याहून मोठी होती. हे बाबासाहेबांनी स्वतः भोगले. म्हणूनच व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी सरकारी तिजोरीतून तरतूद करून घेतली आणि १९५० साली आपल्या या शहरात कॉलेज काढले. तेच आजचे मिलिंद.

आज छत्रपती संभाजीनगरात खेड्यापाड्यांतून मुले पत्रकारिता शिकायला येतात. खोलीचे भाडे, मेसचे पैसे थकले की पहिल्यांदा सुटते ते कॉलेज. अत्याचाराची बातमी आपल्या नजरेने लिहिणारा एक हात तिथेच कमी होतो. मग दुसऱ्यांच्या पेपरात आपली बातमी येत नाही, अशी तक्रार आपण कोणत्या तोंडाने करायची?

म्हणून शिष्यवृत्ती पदवीच्या पहिल्या वर्षापासून द्यावी. ती शेवटच्या परीक्षेपर्यंत चालावी, मध्येच तुटू नये. रक्कम महिन्याच्या महिन्याला हातात पडावी. आणि कोणत्याही नोकरीची, पक्षाची वा गटाची अट त्यात नसावी. आपल्यातले नोकरदार, वकील, डॉक्टर मिळून एवढे करू शकतात. जयंतीच्या वर्गणीतला एक वाटा दरवर्षी बाजूला काढला तरी सुरुवात होईल. बाबासाहेबांवर एकट्याने चोवीस रकाने लिहिण्याची वेळ आली होती. ती पुढच्या संपादकावर येऊ नये, हीच त्यांची खरी स्मृती.

जयभीम!