डॉ. सलीम अली आणि शरदांतले पाहुणे

भाद्रपद सरत आला आणि पावसाचा जोर ओसरला, कीं आपल्या दिव्याच्या खाडीकांठच्या ओल्या जागेंत एक लहानसा पक्षी येऊन उतरतो. पाठ करडी, पोट पिवळसर, आणि शेपटी सदा खालींवर होत असलेली. ह्यास करडा धोबी म्हणतात. तो हिमालयांत व त्यापलीकडे पहाडी ओढ्यांच्या कांठीं घरटें करितो आणि हिंवाळा आपल्याकडे काढितो. विद्यार्थिमित्रांनो, गाडी गांठण्याच्या धांदलींत त्याजकडे आपलें लक्ष जात नाहीं. परंतु असल्या पाहुण्यांचा हिशेब ठेवण्यांत ज्यांनीं आपला जन्म वेंचिला, त्यांचें चरित्र आज सांगावयाचें आहे.

सलीम अली ह्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजीं मुंबईंत झाला. तीन वर्षांचे होण्यापूर्वींच त्यांचे वडील वारले, आणि मग आईही गेली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम ह्यांनीं त्यांस खेतवाडींतील आपल्या घरीं वाढविलें. आरंभीचें शिक्षण गिरगांवांतील मिशनच्या मुलींच्या शाळेंत, दोघी बहिणींच्या बरोबर झालें. पुढें मस्तकशूळानें शाळा वरचेवर बुडूं लागली. तरी १९१३ सालीं ते मॅट्रिक झाले.

ह्यापूर्वीं, १९०८ च्या सुमारास, एक गोष्ट घडून गेली होती. छऱ्याच्या बंदुकीनें त्यांनीं एक चिमणी पाडिली; पाहतात तों तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! ही कोणती जात, हें मामांसही सांगतां येईना. मामा बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनीं मुलास सोसायटीचे चिटणीस मिलर्ड साहेब ह्यांजकडे धाडिलें. साहेबांनीं पक्षी ओळखिला, पेंढा भरलेल्या पक्ष्यांचीं कपाटें उघडून दाखविलीं आणि वाचावयास पुस्तकें दिलीं. वडील माणसानें मुलाचा प्रश्न हंसण्यावारी न नेल्यानें काय घडूं शकतें, हें पालकांनींही ध्यानांत घ्यावें.

त्यानंतरचीं वर्षें मात्र ओढगस्तीचीं गेलीं. ब्रह्मदेशांत खाणीचा व लांकडाचा धंदा केला, तो बुडाला. पदवी नसल्यामुळें पक्षिशास्त्रज्ञाची सरकारी जागा मिळाली नाहीं. १९२६ सालीं मुंबईच्या म्युझियममध्यें मार्गदर्शक व्याख्याता म्हणून ते लागले, आणि दोन वर्षांनीं रजा घेऊन जर्मनीस गेले. बर्लिन येथें श्ट्रेझमान ह्या थोर पंडितांच्या हाताखालीं ते शिकले. उत्तर समुद्रांत हेल्गोलांड नांवाचें एक चिमुकलें बेट आहे. शरदृतूंत प्रवासी पक्षी थव्याथव्यांनीं तेथें विसाव्यास उतरतात. त्यांस अलगद धरून, पायांत अंकांची हलकी अंगठी घालून सोडून द्यावयाची विद्या ते तेथें शिकले. पक्षी पुन्हा कोठें सांपडला, कीं त्याच्या वाटेचा पत्ता लागतो.

१९३० सालीं परत येऊन पाहतात तों पैशाअभावीं त्यांची जागाच मोडीत निघालेली! पत्नी तेहमिना ह्यांसह ते अलिबागजवळ किहीम ह्या समुद्रकांठच्या गांवीं जाऊन राहिले. तेथें सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. तिजवर त्यांनीं महिनोन्महिने नजर ठेविली. नर अर्धें घरटें विणतो. मादी येऊन तें पारखते. पसंत पडल्यास तींत राहते, आणि नर तें पुरें करून दुसऱ्या मादीसाठीं दुसरें घरटें आरंभितो. हें पूर्वीं कोणीं नीट पाहिलें नव्हतें. नोकरी गेली म्हणून शोध लागला, असें म्हणणें आज सोपें आहे. परंतु त्या घरीं खर्चाची चिंता नव्हती, असें कोणीं समजूं नये.

पुढें हैदराबाद, त्रावणकोर आदि संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी त्यांनीं केली. रानावनांत तेहमिनाबाई बरोबर असत. नवऱ्याचें इंग्रजी लिखाणही त्या सुधारीत. १९३९ सालीं एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या. ते खचले, पण काम सुटलें नाहीं. भारतीय पक्ष्यांवरील त्यांचा सचित्र ग्रंथ १९४१ सालीं निघाला. ते अभ्यासासाठीं पक्षी मारीतही असत, हें पुष्कळांस खटकतें. पण त्यांनीं तें कधीं लपविलें नाहीं.

१९५९ पासून सोसायटीनें भरतपूर व इतरत्र पक्ष्यांस अंगठ्या घालण्याचें मोठें काम आरंभिलें. क्यासनूरच्या जंगलांतील तापाचे गोचीड परदेशांतून पक्ष्यांबरोबर येतात काय, हा प्रश्न त्याच्या मुळाशीं होता. भरतपुरास धरलेलीं बदकें पुढें सैबेरियांत सांपडलीं. असाच अंगठी घातलेला एक करडा धोबी वर्षानुवर्षें मुंबईच्या उपनगरांतील एकाच चिमुकल्या हिरवळीवर सप्टेंबरांत उतरत असे. पहाड ओलांडून, एवढ्या मोठ्या शहरांत नेमकी तीच हिरवळ!

डिलन रिप्ले ह्यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९७४ सालीं पुरा झाला, तेव्हां सलीम अली सत्त्याहत्तर वर्षांचे होते. १९७६ सालीं त्यांस पद्मविभूषण मिळालें. २० जून १९८७ रोजीं, नव्वदाव्या वर्षीं, मुंबईंत त्यांचें देहावसान झालें. तेव्हां पावसाळा लागला होता आणि धोबी पहाडांत पिलें वाढवीत होते.