सम्राट अशोकाची आठवण कोणी राखली?

तुमच्या खिशातल्या नाण्यावर जे सिंह आहेत, ते कोणाचे, हे तुमच्या मुलांना ठाऊक आहे काय? तथागतांनी जेथे पहिला धम्मोपदेश केला, त्या सारनाथला सम्राट अशोकाने उभारलेल्या स्तंभाचे ते सिंह आहेत.

अशोक हा चंद्रगुप्त मौर्याचा नातू व बिंदुसाराचा पुत्र. इ. स. पूर्व २६८ च्या सुमारास तो गादीवर आला. राज्याभिषेकानंतर आठ वर्षांनी त्याने कलिंग जिंकला. एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख देशोधडीला लागली. हे आकडे शत्रूने लिहिलेले नाहीत. अशोकाने ते स्वतः शिळेवर कोरविले आणि आपला पश्चात्ताप जगजाहीर केला.

पुढे त्याने धम्माची कास धरली. माणसांच्या व जनावरांच्या औषधोपचाराची सोय केली, विहिरी खोदल्या, रस्त्याकडेला वड लावले. लुंबिनीला जाऊन तेथील लोकांचा कर कमी केला. त्याची मुले महेंद्र व संघमित्रा यांनी श्रीलंकेत धम्म नेला, असे सिंहली परंपरा सांगते.

आणि असा हा राजा याच देशात विसरला गेला! लेख होते, पण ती लिपी वाचणारा उरला नाही. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने टोपऱ्याचा स्तंभ दिल्लीस आणला; लोक त्याला भीमाची काठी म्हणत. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली. तेव्हा प्रियदर्शी राजाचे नाव वाचता आले. पण हा प्रियदर्शी कोण? उत्तर श्रीलंकेच्या पाली ग्रंथांत मिळाले, कारण तेथील भिक्खूंनी अशोकाची आठवण जपली होती. १९१५ साली मस्कीच्या शिलालेखात अशोक हे नावच सापडले. आपल्या सोपाऱ्यालाही त्याच्या लेखाचा तुकडा १८८२ साली मिळाला आहे.

त्यानंतर २२ जुलै १९४७ रोजी अशोकचक्र राष्ट्रध्वजावर आले, २६ जानेवारी १९५० रोजी सिंहशीर्ष राजमुद्रा झाले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, बाबासाहेबांनी नागपूरला लाखोंसह धम्मदीक्षा घेतली.

यातून आपण काय घ्यावे? दगड आठवण राखत नाही. वाचणारा माणूस राखतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरात अक्षर पहिल्यांदा आपल्याच पिढीत आले. अशा घरात बाबासाहेबांची तसबीर आहे, हार आहे, पण पुस्तक उघडले जात नसेल, तर ती तसबीरही उद्या न वाचलेला स्तंभ होईल. आपली नातवंडे तिच्यापुढे हात जोडतील, आणि ती कोणाची, कशासाठी, हे त्यांना सांगता येणार नाही.

अशोकाने कलिंगातील अधिकाऱ्यांना आज्ञा दिली होती की, दर तिष्य नक्षत्राच्या दिवशी लेख लोकांना वाचून दाखवावा. ऐकणारा एकटा असला तरी वाचावा. येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर तुम्हीही बाबासाहेबांच्या ग्रंथाचे एक पान घरात मोठ्याने वाचा. ज्यांना वाचता येत नाही, त्या आजी-आजोबांना जवळ बसवा. ऐकायला एकच मूल असले, तरी वाचा.