कै. लक्ष्मीबाई टिळक : आई व आजी

सातारा, सांगली, मिरज ह्या बाजूच्या मंडळ्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे नाव कोणास ठाऊक नाही? त्यांची पदे गाइल्याशिवाय आपली उपासना क्वचितच होते. परंतु ज्या माउलीने त्यांचा संसार सांभाळिला, तिची आठवण आपण कमी करितो. म्हणून आज त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे चरित्र थोडक्यात देत आहो.

नाशिकजवळील जलालपूर गावी १८६८ साली त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. वडिलांचे सोवळे इतके कडक की, घरात आणिलेले मीठसुद्धा धुवून घेत. अशा घरची मुलगी लहान वयातच टिळकांच्या घरी आली. शाळा तिने पाहिली नव्हती. अक्षरओळख पतीनेच करून दिली, आणि जोडाक्षरे तर पुढेही त्यांस अवघडच वाटत.

१८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. लहानग्या दत्तूस पोटाशी धरून त्या पंढरपुरास नातलगांत राहिल्या. चार वर्षांहून अधिक काळ पतिपत्नींची ताटातूट होती. त्या दिवसांत त्यांनी जे सोशिले, ते आपल्यातील पुष्कळ बहिणींस सांगावयास नको. कुटुंबात एकट्यानेच प्रभूस स्वीकारिले म्हणजे उरलेल्यांचे काय होते, हे खेड्यापाड्यांतील प्रत्येक उपदेशकाने पाहिले आहे. शेवटी त्या अहमदनगरास पतीकडे आल्या, तरी स्वयंपाकपाणी वेगळेच ठेविले. कोणी त्यांच्यावर बळजबरी केली नाही. जातिभेद हा मनुष्याने केलेला आहे, देवाने नव्हे, हे त्यांस आपल्याच विचाराने उमगले. विटाळ मनातून आधी गेला आणि मग १९०० साली बाप्तिस्मा झाला. आमच्या मते हाच क्रम अधिक खरा.

ज्या हातांनी कोणाचा स्पर्श होऊ दिला नव्हता, त्याच हातांनी पुढे अनाथ मुलांस न्हाऊमाखू घातले व प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा केली. टिळकांचा स्वभाव उदार व तापट. जवळचा पैसा समोर येईल त्या गरजवंताला देऊन टाकीत. घरात उद्या काय शिजवावे ही काळजी मात्र लक्ष्मीबाईंनी वाहावी! असा पती लाभणे हे भाग्य खरे, पण सोपे नव्हे.

१९१७ साली टिळक मिशनचे वेतन सोडून साताऱ्यास येऊन राहिले. बाप्तिस्मा झालेले व न झालेले अशा दोहोंनी ख्रिस्ताच्या पायांशी एकत्र बसावे, ह्या हेतूने त्यांनी तेथे 'देवाचा दरबार' स्थापिला. लक्ष्मीबाईंनी हाही नवा संसार मांडला. परंतु लवकरच टिळकांची प्रकृती ढासळली, आणि १९१९ च्या ९ मे रोजी मुंबईस ते प्रभूकडे गेले. तेव्हा लक्ष्मीबाई पन्नाशीस पोहोंचल्या होत्या. पतीचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले होते. जिला जोडाक्षरे जड जात, त्या विधवेने पुढचे ६४ अध्याय रचून ते पुरे केले! पतीचे काम म्हणून त्यांनी ते हाती घेतले.

पुत्र देवदत्त यांच्या आग्रहाने त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या. 'स्मृतिचित्रे' ह्या नावाने त्या १९३४ पासून निघू लागल्या. त्यांत त्या स्वतःच्या भोळेपणास हसतात, पतीच्या रागासही हसतात, आणि दुःख सांगतानाही कोणाविषयी कडवट होत नाहीत. शेवटचा भाग पूर्ण पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते; १९३६ च्या २४ फेब्रुवारीस त्या देवाघरी गेल्या. 'स्मृतिचित्रे' आज मराठीतील उत्तम पुस्तकांत मोजिले जाते, आणि ख्रिस्ती नसलेल्या घरांतही ते प्रेमाने वाचितात.

पंढरपुरास ज्याला पोटाशी धरून रात्री काढिल्या, तोच दत्तू त्यांच्या आठवणी जगापुढे आणावयास कारण झाला. पुढे नातू अशोक यांनी आजीच्या पुस्तकाची संपूर्ण आवृत्ती टीपांसह परिश्रमपूर्वक सिद्ध केली.